गाण्यावर घरभाडं टाकू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. नोकरी सोडून पूर्ण वेळ गाणंच करावं का, आणि केलं तर महिन्याचे पैसे कुठून येतील, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारले आहेस. पहिल्याचं उत्तर तुझं तुलाच द्यावं लागेल. दुसऱ्याचं मी देतो, आणि त्या चॅनलने तुला दिलेल्या दोन पानी कराराबद्दलही त्यातच सांगतो. ते लांबेल, तेव्हा निवांत वेळ काढून वाच.

तू चाली बांधतेस, पेटी वाजवतेस, अभंग आणि भावगीतं गातेस, आणि स्वतःची पाच गाणी तयार आहेत, एवढं धरून लिहितो. स्वतःचं गाणं पैसे देतं, पण आंब्याच्या कलमासारखं, लावल्यावर काही वर्षांनी. घरभाडं, किराणा, लाइट बिल हे सगळं आज काम आणि आज पैसे अशा कामांतून निघायला हवं: शिकवणी, कार्यक्रमांच्या तारखा, दुसऱ्यांना साथ, स्टुडिओतलं गाणं. घरभाडं गाण्यावर टाकलंस की पहिल्यांदा चाल बिघडते, कारण ती बाजारात काय चाललंय ते बघून बांधली जाते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पैशांची निकड असताना समोर येईल त्या करारावर सही होते. पुढचं सगळं पत्र या एका गोष्टीभोवतीच आहे.

सुरुवात शिकवणीपासून करू. कार्यक्रम पावसाने रद्द होतो, स्ट्रीमिंगचे पैसे काही महिन्यांनी येतात, शिकवणीची फी मात्र पाच तारखेला येते. ती पाच तारखेलाच यावी म्हणून नियम पहिल्या दिवशी सांगावे लागतात. महिन्याला आठ तास, फी आगाऊ, विद्यार्थी आला नाही तर तो तास गेला, तू रद्द केलास तर भरून देणार. हे तोंडी सांगू नकोस, पालकांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. ‘असू द्या हो, सवडीने द्या’ म्हणणाऱ्या शिक्षिकेचे दिवाळीपर्यंत निम्म्या घरांशी संबंध अवघडलेले असतात, आणि मागायची लाज तिलाच वाटत असते.

गळ्याच्या शिकवणीत एका तुकडीत सहाच्या वर मुलं घेऊ नकोस. तुकड्या वयावर पाडण्याऐवजी पट्टीवर, म्हणजे गळा कोणत्या सुरात मोकळा लागतो त्यावर, पाड. बायका-मुली साधारण पेटीच्या काळी चार-पाचमध्ये मोकळ्या गातात, पुरुष काळी एक-दोनमध्ये. सगळ्यांना एका पट्टीत कोंबलं की कुणाचा तरी गळा ताणला जातो आणि दोन महिन्यांत ती व्यक्ती यायची बंद होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसव. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी पायरी समोर असली की पालक मधेच सोडत नाहीत. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर ही सत्रं ठरलेली असतात, आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षांना दहावीला वाढीव गुण आहेत. मात्र परीक्षेपुरते राग घोकून घेऊ नकोस. विशारद झालेल्या मुलीला पाच मिनिटं आलापी करता येत नाही, असं चित्र गावोगाव दिसतं, आणि त्यात शिकवणारा दोषी असतो.

ऑनलाइन शिकवणार असशील तर दोन गोष्टी आधी नीट कर. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू कर, नाहीतर ते सॉफ्टवेअर तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं आणि लांबवलेला स्वर मधेच बुडतो. दुसरं, आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळे दोघांनी एकत्र गाणं जमतच नाही. तू ओळ गा, थांब, मग विद्यार्थ्याने गावं; तानपुरा आणि तबल्याचं ॲप त्याच्या बाजूला वाजायला हवं, तुझ्या बाजूला नको. अमेरिकेतल्या मराठी मुलांची मागणी शनिवार-रविवारी सकाळची असते. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळचे ६:३० आणि हिवाळ्यात ७:३०. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार वहीत लिहून ठेव, त्या दिवशी त्यांची घड्याळं बदलतात आणि तुझं वेळापत्रक कोलमडतं. आणखी एक अडचण आहे: शनिवार-रविवारची संध्याकाळ ही तुझ्या कार्यक्रमांचीही वेळ. त्यामुळे परदेशातल्या विद्यार्थ्यांना वर्षातून किती तास पुढे-मागे होतील ते आधीच सांग.

दिवसाला चार तासांच्या वर शिकवू नकोस. शिकवताना आपण दुसऱ्याच्या पट्टीत, दुसऱ्याच्या चुकीवर गात असतो. त्याने गळा जितका थकतो तितका स्वतःच्या रियाजाने थकत नाही.

आता तारखा. महाराष्ट्रात गाणाऱ्याचं वर्ष पंचांगावर चालतं. गणपतीचे दिवस, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, गुढीपाडवा पहाट, रामनवमी, मग आषाढीच्या आसपास अभंगांचे कार्यक्रम. पितृपक्षात कुणी तारीख धरत नाही. अधिक महिन्यात लग्नं नाहीत. २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठाचा, म्हणजे ऐन लग्नसराईला कात्री. पावसाळ्याचे पहिले दोन महिने, आषाढीचे दिवस सोडले तर, कोरडे जातात. दिवाळी पहाटेची मंडळं आणि संस्था गणपती उठायच्या आत ठरवतात, म्हणून त्यांना ऑक्टोबरमध्ये फोन करून उपयोग नाही, जुलैमध्ये कर. पावसाळ्याच्या त्या दोन कोरड्या महिन्यांत नवा कार्यक्रम बांधावा, दहा मिनिटांचा नीट ध्वनिमुद्रित केलेला नमुना तयार करावा आणि पाठवावा. नमुन्यात पहिल्या वीस सेकंदांत तुझा आवाज आला पाहिजे. निवेदन, दीपप्रज्वलन आणि हारतुऱ्यांनी सुरू होणारा व्हिडिओ कुणी पुढे बघत नाही.

बिदागी सांगताना लोक एक आकडा सांगतात आणि नंतर रडतात. हिशेब उलटा कर. समज, एका दिवाळी पहाटेला आयोजक साठ हजार देतो आहे. तबला ६,०००, कीबोर्ड ६,०००, बासरी ५,०००, टाळ आणि इतर तालवाद्यं ४,०००, निवेदक ५,०००, गाडी ७,०००, तालमीची जागा आणि चहा-नाश्ता २,५००. हे झाले ३५,५००. तुझ्याकडे २४,५०० उरले. पण संस्थेने साठ हजारांवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला तर तुझ्या खात्यात ५४,००० येणार, आणि साथीदारांचे देऊन हातात १८,५०० राहणार. कापलेले ६,००० विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतात, पण तोवर ते तुझ्याकडे नाहीत. त्यात साथीदारांना दिलेले पैसेही आयकराच्या नोंदीत तुझंच उत्पन्न म्हणून दिसतात. म्हणून शक्य असेल तिथे संस्थेला साथीदारांचे पैसे थेट त्यांच्या खात्यात द्यायला सांग. ते जमलं नाही तर तू प्रत्येकाला बँकेतून दे आणि नोंद ठेव. रोख पाकिटं वाटून मोकळी झालीस तर तो खर्च सिद्ध करायला तुझ्याकडे काही उरत नाही. आणि साथीदारांचे पैसे त्याच दिवशी दे, आयोजकाने तुझे थकवले असले तरी. तबलजी एकदा दुखावला की ती गोष्ट सगळ्या गावात जाते.

तारीख ठरली की त्याच दिवशी लेखी निरोप पाठव. त्यात तारीख, ठिकाण, सुरू होण्याची वेळ, किती मिनिटं गाणार, किती कलाकार, रक्कम, टीडीएस त्यातच की वेगळा, आगाऊ किती, उरलेले कधी, साउंड कुणाचं, गाडी आणि जेवण कुणाचं, रद्द झालं तर काय, आणि कार्यक्रमाचं चित्रीकरण होणार असेल तर ते कुठे टाकणार, हे सगळं असावं. समोरून ‘ठीक आहे’ एवढं उत्तर आलं तरी पुरतं. आगाऊ चाळीस ते पन्नास टक्के घे आणि ते आल्याशिवाय तारीख पक्की धरू नकोस. उरलेले मंचावर चढायच्या आधी. कार्यक्रमानंतर आयोजक पाहुण्यांना निरोप देत असतो, खजिनदार जेवणाच्या रांगेत असतो, आणि ‘उद्या पाठवतो’ हे वाक्य तिथेच जन्माला येतं. चित्रीकरणाचा मुद्दा नवीन मुली सोडून देतात. दोन तासांचा पूर्ण कार्यक्रम दुसऱ्याच्या चॅनलवर गेला की पुढच्या वर्षी त्याच गावात तोच कार्यक्रम विकत घ्यायला कुणी येत नाही. दोन गाणी टाकायची परवानगी दे, पूर्ण कार्यक्रमाचे वेगळे पैसे.

उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद करावे लागतात. ठरावीक दिवशीच सरकार बारापर्यंत सूट देतं. आयोजक ‘आठला सुरू’ म्हणाला की सत्कार आणि भाषणं धरून गाणं नऊला सुरू होतं आणि तासाभरात पोलीस येतात. लोकांना वाटतं गायिकेने लवकर आटोपलं. म्हणून निरोपात ‘गायन सुरू होण्याची वेळ’ असंच लिही.

साउंडबद्दल थोडंच सांगतो. स्वतःचा माइक, दोन चांगल्या केबल आणि एक डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायची छोटी डबी, जवळ ठेव. कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिक्सरला जोडल्यावर घूंऽऽ असा आवाज येतो तो बहुतेक वेळा अर्थिंगचा दोष असतो, आणि डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की पुष्कळदा जातो. मॉनिटरमध्ये, म्हणजे मंचावर तुझ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आधी तानपुरा आणि पेटी माग, स्वतःचा आवाज नंतर. साउंड चेकला तबल्याच्या आधी गाऊन मोकळी होऊ नकोस. तबला उघडला की सगळं पुन्हा बदलतं.

फुकट गायचं का, हेही तू विचारलं आहेस. गुरूंच्या घरी, देवळात, ज्या कामावर तुझी श्रद्धा आहे तिथे मनापासून गा आणि त्याला सेवा म्हण. जिथे मांडववाल्याला, साउंडवाल्याला, केटररला पैसे मिळताहेत आणि फक्त तुला ‘प्रसिद्धी मिळेल’ असं सांगितलं जातंय, तिथे नाही म्हण. साथीदारांना मात्र तुझ्या सेवेतही पैसे दे. श्रद्धा तुझी आहे, पोट त्यांचंही आहे.

साथ आणि स्टुडिओ या दोन वाटा तुझ्या हाताशी आहेत. पेटीची साथ करणारी मुलगी महाराष्ट्रात अजूनही कमी दिसते, मागणी मात्र भरपूर आहे: भजनी मंडळं, गाण्याच्या परीक्षा, नृत्याच्या संस्था, नवोदित गायकांच्या बैठका. स्टुडिओत डमी गायला बोलावतात, म्हणजे मोठ्या गायकासाठी गाण्याचा कच्चा नमुना. तिथे दोन प्रश्न आधी विचारायचे: हा आवाज अंतिम गाण्यात वापरणार का, आणि वापरला तर वेगळे पैसे किती. जाहिरातीच्या गाण्यात माध्यम आणि मुदत विचार. रेडिओसाठी सहा महिने आणि सगळ्या माध्यमांत कायमचं, या दोन वेगळ्या किमती आहेत. आकाशवाणीची स्वरचाचणीही दे. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. पैसे मोजके, पण श्रेणी नावापुढे लागली की गावोगावच्या समित्या वेगळ्या नजरेने बघतात. आणि वय १८ ते २५ मध्ये असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती बघ: दोन वर्षं, महिना ५,००० रुपये, पुढच्या शिक्षणासाठी.

आता तुझ्या स्वतःच्या गाण्यांकडे येऊ. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं आणि ते कळायला दहा वर्षं लागतात.

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालक्या असतात. शब्द आणि चाल ही रचना. ती ज्या फाइलमध्ये गायली गेली ते ध्वनिमुद्रण. आणि तू गायलीस म्हणून गायिकेचा हक्क. तिन्हींचे पैसे वेगळ्या दारातून येतात. ध्वनिमुद्रणाचे पैसे ॲपकडून तुझ्या डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, येतात. रचनेचे पैसे आयपीआरएस गोळा करते. ती मुंबईची, १९६९ पासूनची, संगीतकार-गीतकारांची सोसायटी आहे. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, जाहीर कार्यक्रम आणि स्ट्रीमिंग यांतला रचनेचा वाटा तिथून येतो. गायक-वादकांच्या रॉयल्टीसाठी इसामरा ही सोसायटी आहे. डिस्ट्रिब्युटरकडे गाणं टाकलं म्हणजे सगळं मिळालं असं समजून बसणारे रचनेचे पैसे वर्षानुवर्षं घेतच नाहीत. तुझं एक गाणं प्रसिद्ध झालं की आयपीआरएसचं सभासदत्व घे आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदव. सभासद झालं म्हणजे गाणी आपोआप नोंदली जात नाहीत.

गाणं दुसऱ्याच्या शब्दांवर असेल तर ध्वनिमुद्रणाच्या आधी एका कागदावर वाटण्या लिहून सह्या घ्या: शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रत्येकाला किती टक्के, मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रण, कुणाचा. संगीत संयोजकाने एक सुंदर पीस घातला म्हणून तो चालीत वाटेकरी आहे की त्याने फक्त मानधन घेतलं, हेही त्याच कागदावर. मैत्री असतानाच हे करायचं असतं. गाणं चाललं की त्याच चर्चेला वकील लागतो.

तू अभंग गातेस म्हणून हे मुद्दाम लिहितो. तुकोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण ज्या चालीत घरोघर तो अभंग गायला जातो ती चाल पुष्कळदा गेल्या शतकातल्या संगीतकाराची असते, आणि तिच्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालू असतो. ‘पारंपरिक’ असं लिहून ती चाल अपलोड केलीस की दावा येतो आणि उत्पन्न दुसरीकडे वळतं. तोच अभंग स्वतःच्या चालीत बांध. शब्द मोकळे, चाल तुझी, म्हणजे संपूर्ण गाणं तुझं. कवितांचंही असंच गणित आहे. बालकवी १९१८ साली गेले आणि भा. रा. तांबे १९४१ साली. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेला २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. परवानगी म्हणजे वारसांचं किंवा हक्कदार प्रकाशकाचं लेखी पत्र. कार्यक्रमात कुणीतरी ‘खुशाल गा’ म्हणालं, ते पत्र नव्हे.

आता त्या चॅनलचा प्रस्ताव, ज्याबद्दल तू इतक्या आनंदाने लिहिलंस. ‘आम्ही व्हिडिओ करून देतो, आमच्या चॅनलवर टाकतो, तुम्हाला काही खर्च नाही.’ त्यांच्या कराराच्या दोन पानांत एक शब्द शोध: ‘कायमस्वरूपी’. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेलाच असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर तो परत येतो. पण हे सगळं कागदावर वेगळं काही लिहिलं नसेल तेव्हा. ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत, वापर केला नाही तरी’ एवढ्या शब्दांवर तू सही केलीस की कायद्याने दिलेलं ते कुंपण तू स्वतःच काढून ठेवतेस. २०१२ च्या दुरुस्तीने एक गोष्ट मात्र वाचवली आहे: चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडलं तर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हे वाक्य तोंडपाठ कर.

मग त्या लोकांना नाही म्हणायचं का? लगेच नको. मालकी देऊ नकोस, वापराची परवानगी दे. तीन वर्षं, फक्त या एका ध्वनिमुद्रणासाठी, त्यांच्या चॅनलवर आणि ठरलेल्या ॲपवर, उत्पन्नाचा ठरलेला वाटा आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. रचना तुझ्याकडे, आणि तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायची मोकळीक तुला. यावर ते ‘आमचा छापील करार बदलत नाही’ म्हणाले तर गाणं परत घे. पाचांपैकी सगळ्यात चांगलं गाणं पहिल्यांदा देऊन टाकायची घाई जवळपास सगळे करतात. निदान ते एक तरी स्वतःकडे ठेव.

स्वतः प्रसिद्ध करणार असशील तर क्रम असा. अंतिम फाइल २४ बिट वेव्ह, सोबत गाण्याचा वाद्यांचा ट्रॅक वेगळा आणि आवाज वेगळा. हे दोन स्टुडिओतून त्याच दिवशी मागून घे, कारण मैफलीत ट्रॅकवर गाण्यासाठी, जाहिरातीसाठी, छोट्या व्हिडिओसाठी पुढे लागतात आणि दोन वर्षांनी स्टुडिओवाल्याच्या हार्ड डिस्कवर ते सापडत नाहीत. मुखपृष्ठ चौरस, ३,००० बाय ३,००० पिक्सेल. स्वतःच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरव आणि आयुष्यभर तेच ठेव, नाहीतर एका ॲपवर तुझी तीन प्रोफाइलं तयार होतात आणि तुझी गाणी तिसऱ्याच कुणाच्या नावाखाली जाऊन बसतात. प्रकाशनाची तारीख निदान चार आठवडे पुढची घे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि डिस्ट्रिब्युटरकडे फाइल मुखपृष्ठावरून किंवा नावावरून परत येण्यात आठवडा सहज जातो.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेव. डिस्ट्रिब्युटर बदललास तर तोच क्रमांक आणि तीच माहिती देऊन गाणं चढवायचं, म्हणजे जुने ऐकण्याचे आकडे टिकतात. नवीन क्रमांक पडला की गाणं शून्यापासून सुरू. वार्षिक वर्गणीवाला डिस्ट्रिब्युटर घेताना वर्गणी भरली नाही तर गाणी खाली येतात का, ते वाच. आणि तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा आयता वाद्यतुकडा, किंवा कॅरिओकी ट्रॅकवर गायलेलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे सारखा आवाज ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेला, देऊ नकोस. तोच लूप शेकडो लोकांनी वापरलेला असतो, तुझ्या नावाने सगळ्यांवर दावे जातात आणि शेवटी तुझंच खातं अडकतं.

किती मिळेल? एका ऐकण्याला मिळणारी रक्कम पैशांत मोजावी लागते, रुपयांत नाही. स्पॉटिफायवर तर गेल्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसेच लागू होत नाहीत. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या वाटेने जाहिरातींचा पूर्ण वाटा सुरू व्हायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. चार मिनिटांचं गाणं शेवटपर्यंत पाहिलं असं धरलं तरी ते ६०,००० वेळा व्हायला हवं. त्याऐवजी चाळीस मिनिटांची घरगुती बैठक टाकलीस आणि लोकांनी सरासरी वीस मिनिटं ऐकली, तर १२,००० वेळा पुरे. अभंग लावून सकाळची कामं करणारा श्रोता आपल्याकडे खूप आहे. त्याच्यासाठी लांब ध्वनिमुद्रण कर. यूट्यूबचे पैसे सुरू झाले की तिथला अमेरिकेच्या करासाठीचा अर्ज भर. तो भरला की फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या उत्पन्नातून १५ टक्के कापतात. तसाच ठेवला तर जगभरच्या उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात.

मग गाणी करायचीच कशाला, असं तुझ्या मनात येईल. कारण त्या गाण्यांमुळेच तारखा मिळतात. दुसऱ्यांची भावगीतं चांगली गाणाऱ्या पन्नास जणी प्रत्येक शहरात आहेत, आणि आयोजक त्यांच्यात किमतीवर निवड करतो. ‘ते गाणं जिचं आहे तीच हवी’ असं कुणी म्हणालं की बिदागी तू सांगायची असते. म्हणून वर्षाला दोन गाणी कर, पण कर्ज काढून नको. समज एका गाण्याला संयोजन, एक-दोन खरे वादक, गायनाचं ध्वनिमुद्रण, मिक्सिंग-मास्टरिंग धरून ३०,००० लागले, तर दर कार्यक्रमाच्या, टीडीएस धरून, उरलेल्या रकमेतून २० टक्के बाजूला ठेव. वर मांडलेल्या हिशेबाचे सहा-सात कार्यक्रम झाले की एक गाणं निघतं. महागडा व्हिडिओ आत्ता नको. तेवढ्यात बासरीवाला खरा घे. तो फरक दहा वर्षांनीही ऐकू येतो.

करांचं आटोपशीर सांगतो. गाण्यासाठी वेगळं बँक खातं उघड. वर्षाला सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेतो सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रत्यक्ष सादरीकरणाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर तशीही सूट आहे. टीडीएस कापून वर्षाचा कर १०,००० च्या वर भरायचा राहत असेल तर आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरावा लागतो. प्रत्येक आयोजकाने कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर तुझ्या पॅनसमोर दिसतो का, ते दर तीन महिन्यांनी बघ. छोट्या मंडळांकडून पैसे कापले जातात आणि भरायचे राहून जातात. मार्चनंतर त्यांची कार्यकारिणी बदललेली असते आणि फोन कुणी उचलत नाही. एकदा हिशेबनिसाकडे जाऊन बस. चित्रपटासाठी गाणारे आणि मंचावर गाणारे यांना आयकरात एकच नियम लागू होतीलच असं नाही, तेव्हा ऐकीव माहितीवर विवरणपत्र भरू नकोस.

नोकरीचं एवढंच सांगतो. एक कागद घे, जून ते मे असे बारा रकाने आख, आणि गेल्या वर्षीचे गाण्याचे पैसे त्यात भर. सरासरी काढू नकोस, सगळ्यात वाईट महिना बघ. त्या महिन्याची शिकवणीची फी घरभाडं आणि किराणा भागवत असेल, आणि चार महिन्यांचा खर्च बँकेत असेल, तर राजीनाम्याचा विचार कर. तो गणपतीच्या तोंडावर दे, मे महिन्यात नको. मेमध्ये सोडलीस तर पहिले दोन महिने पाऊस बघण्यात जातील, आणि त्या दोन महिन्यांत ती दोन पानं पुन्हा समोर येतील.

त्या कराराचे फोटो मला पाठव, दोन्ही पानं, मागची बाजूही. त्यांनी शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय असं तू लिहिलंस. त्यांना ‘वाचायला पंधरा दिवस लागतील’ असं आजच कळव. आणि पाचही गाण्यांच्या कच्च्या फाइली तारखेसकट स्वतःला ईमेल करून ठेव, कुणाला ऐकवायच्या आधी.

आशीर्वाद.